रूपजी मिस्तरी आणि बारा खांब

इराने शाळेच्या सहलीचा फोटो पाठवला आहे. एक बसकं, जुनं घर, पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडाचे उभे-आडवे पट्टे, आणि पुढे इरा एक डोळा मिटून उन्हात उभी. खाली तिने लिहिलं आहे की गाइडबाईंच्या सांगण्यानुसार लाकडी सांगाड्याची अशी घरं फक्त तुमच्याच देशात सापडतात. इरा, गाइडबाईंना माझा नमस्कार सांग आणि घोलवडला यायचं आमंत्रण दे.

नील, तूही नीट बसून ऐक. आई वाचून दाखवेल.

ज्या घरात बसून मी हे लिहिते आहे ते साधारण शंभर वर्षांचं. मुंबईच्या एका शेटना खोकल्याचा विकार होता. डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली, म्हणून त्यांनी इथे चिकूची वाडी घेतली आणि तीत ही छोटी बंगली बांधली. या घरात भिंतींवर काहीही उभं नाही, हे आधी लक्षात घ्या. लाकडाचे बारा खांब आहेत. प्रत्येक खांब एका घडीव दगडावर नुसता ठेवलेला आहे, जमिनीत पुरलेला नाही. त्या दगडाला उथळा म्हणतात. खांबांच्या डोक्यावर आडव्या तुळया, तुळयांवर छपराची लाकडं, त्यांवर कौलं. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून वर लाकडी खुंटी ठोकलेली. सबंध सांगाड्यात लोखंडाचा एक खिळा नाही. भिंती मागाहून आल्या. कारवीच्या काड्या उभ्या बांधायच्या आणि त्यांवर शेणमातीचा गिलावा करायचा, याला कुड म्हणतात. उद्या कोणी सगळे कुड उचलून नेले तरी छप्पर जागचं हलणार नाही, फक्त आजोबांची दुपारची झोप रस्त्यावरून दिसेल. इरा, तुझ्या फोटोतल्या घरातही हेच आहे. कारवीच्या जागी तिकडच्या कुठल्या झाडाच्या काड्या असतील, इतकाच फरक.

हे सगळं मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. घराबद्दल मला जे माहीत आहे त्यातलं निम्मं रूपजी मिस्तरींनी सांगितलं, आणि उरलेलं निम्मं त्यांनी बारा वर्षं माझ्यापासून लपवून ठेवलं. म्हणून घराची गोष्ट सांगायची तर त्यांची सांगावी लागते.

पंधरा वर्षांपूर्वी मी शाळेतून आणि आजोबा बँकेतून निवृत्त झालो आणि शेटच्या नातवंडांकडून हे घर घेतलं. खरेदीखतात खांब, कौलं, विहीर, चिकूची झाडं असं सगळं ओळीने लिहिलेलं होतं. रूपजी मिस्तरी लिहिलेले नव्हते. राहायला येऊन महिना झाला असेल. मे महिन्यातल्या एका सकाळी ओटीवरून ठकठक ऐकू आली. बाहेर येऊन पाहते तो एक ठेंगणा, काटक म्हातारा ओटीच्या खांबाला कान लावून उभा. अंगात पांढरा सदरा, खाली खाकी अर्धी विजार, खांद्याला सिमेंटच्या गोणीची शिवलेली पिशवी. मी विचारलं, कोण आपण? त्यांनी बोट वर करून मला थांबवलं, खांबावर आणखी दोनदा ठोकलं, ऐकलं, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "तू कोण?"

मी घराची मालकीण असल्याचं सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आधीच्या मालकिणीपेक्षा मी वजनाने कमी आहे, ते वरच्या माळ्याला बरं, एवढं म्हणाले आणि मला ओलांडून आत गेले.

हे घर त्यांच्या आज्याने उभं केलं होतं. मिस्तरी तलासरीच्या पलीकडच्या एका पाड्यावर राहत, डोंगराच्या अंगाला. दर वर्षी पावसाच्या आधी पहाटेची एसटी पकडून यायचे, तीन-चार दिवस राहायचे, खांब तपासायचे, होड्यांना लावतात ते काळं तेल लाकडांना चोळायचे आणि जायचे. त्यांना कोणी बोलावलेलं नसे आणि कोणी थांबवण्याचीही सोय नव्हती. आमच्याशी ते मराठीत बोलत, घरच्यांशी वारलीत, आणि चिडले की गुजरातीत. मला बाय म्हणत, आजोबांना शेट. आजोबांनी पुष्कळदा समजावलं की मी शेट नाही, बँकेत कारकून होतो. मिस्तरींचं म्हणणं, या घरात जो राहतो तो शेट, मग तो कोणी का असेना. अरे-तुरे मात्र सगळ्यांना सारखंच. त्यांच्या बोलण्यात 'तुम्ही' हा शब्दच नव्हता.

त्यांची तपासणी पाहण्यासारखी असे. खांबावर बोटाच्या पेरांनी ठोकायचं, कान लावायचा, आणि निकाल द्यायचा. निकाल तीनच. बोलतंय, झोपलंय, किंवा रुसलंय. बोलणाऱ्या लाकडाला तेलाचा एक हात, झोपलेल्याला दोन. रुसलेल्याजवळ ते बराच वेळ बसून राहत आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहत की जणू मीच त्याला काही लागेल असं बोलले होते. मी शिस्तीची बाई. दुसऱ्याच वर्षी मी एक वही केली, खांबांना एक ते बारा क्रमांक दिले आणि रकाने आखले: तारीख, निकाल, तेलाचे हात, शेरा. मिस्तरींना वही मुळीच आवडली नाही. नंबर गुरांना असतात, म्हणाले. त्यांनी प्रत्येक खांबाला नातं दिलेलं होतं. स्वयंपाकघरातला धुराने काळा झालेला खांब म्हणजे सासू. मागच्या दाराचे दोन, सतत वाऱ्यापावसात उभे, त्या सुना. ओटीचे दोन कोरीव खांब हे जावई, कारण त्यांच्यावर भार सगळ्यात कमी आणि तेल त्यांना सगळ्यात जास्त लागतं. हे सांगताना आजोबांकडे पाहून हसले, आणि तुमचे बाबा त्या वेळी ओटीवरच पेपर वाचत होते हेही इथे नोंदवून ठेवते.

वहीत मी सगळी नाती लिहून घेतली. एक रकाना रिकामा राहिला. माजघराच्या मधोमध असलेला सात नंबरचा खांब, ज्याच्यावर घराची सगळ्यात मोठी तुळई बसली आहे, त्याला नाव नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, त्याला नाय. तो कसा आहे विचारलं तर, बरा हाय. त्याला ते ठोकत नसत, कान लावत नसत. गुपचूप दोनदा तेल लावून पुढे जात. मला वाटलं, लाडका असेल.

मिस्तरींना टेपचं वावडं होतं. सगळं माप हाताने. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, पुढे वीत, पुढे बोटं. एकदा मला स्वयंपाकघरात दोन खांबांच्या मध्ये फळी हवी होती. मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला, सेंटिमीटरमध्ये मापं घातली, डब्यांचे व्यासही लिहिले. मिस्तरींनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला, घडी घालून कानामागे खोचला, आणि खांबापासून खांबापर्यंत हाताने मोजत गेले. दोन दिवसांनी फळी तयार झाली. सुरेख रंधा मारलेली, कडा गोल केलेल्या. लावायला गेले तर चार बोटं आखूड. तुम्हाला वाटत असेल आता मिस्तरी शरमले असतील. त्यांनी एकदा फळीकडे पाहिलं, एकदा खांबांकडे, आणि म्हणाले, "आज्याचा हात लांब होता." म्हणजे चूक आज्याची. ती फळी आता न्हाणीघरात आहे आणि तिच्यावर आजोबांची दाढीची सामग्री असते.

खिळ्यांच्या बाबतीत तर विचारूच नका. आजोबांनी एका वर्षी कॅलेंडर अडकवायला पाच नंबरच्या खांबात छोटासा खिळा मारला होता. मिस्तरी आले, पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांना तो दिसला. पकडीने काढला, आजोबांचा हात हातात घेतला, तळव्यावर खिळा ठेवला आणि मूठ मिटवून दिली. तेव्हापासून आजोबा कॅलेंडर कुडाच्या भिंतीवर लावतात आणि ते दर दोन महिन्यांनी अर्धा किलो माती घेऊन खाली येतं.

आता मुख्य गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी होळी झाली आणि माजघराचं दार लागेनासं झालं. मग बाहेरून पाहिलं तर कौलांची एक ओळ मध्येच खाली बसलेली. सात नंबरच्या पायाशी पिठासारखी भुकटी पडायला लागली. मी रोज झाडायची, रोज नवी. प्रसादमामाला फोन केला. तो मुंबईहून एका इंजिनियरला घेऊन आला. मुलगा तरुण होता, अदबीने बोलणारा. त्याने टॉर्च मारला, स्क्रू-ड्रायव्हर खांबाच्या बुडात खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. त्याचं म्हणणं सरळ होतं. मधला खांब गेलाय, तो काढायला गेलं तर छप्पर खाली येईल, ठेवला तर पावसाळ्यात येईल. घर उतरवून स्लॅबचं बांधा.

प्रसादवर रागावू नका. मी रागावले होते, पण त्याचं चूक नव्हतं. सत्तरी उलटलेले आईबाप झोपलेत आणि वर मोडकी तुळई, हे त्याला तिकडे मुंबईत रोज दिसत होतं. एप्रिलच्या अखेरीला घर उतरवणारी माणसं येतील असं ठरलं. मी वही कपाटात ठेवून दिली.

मिस्तरींकडे फोन नव्हता. तलासरीच्या नाक्यावर एका चहावाल्यापाशी निरोप ठेवला की तो पाड्यापर्यंत जायचा. तीन दिवसांनी मिस्तरी दारात उभे. मे लागायला अजून महिना होता. तेव्हा ते ऐंशीच्या आसपास असतील. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळे मान जराशी वाकडी करून पाहायचे. ते सरळ माजघरात गेले, सात नंबरपाशी उकिडवे बसले आणि त्याच्या बुडात दोन बोटं घातली. मग तिसरं. मग कितीतरी वेळ तशीच ठेवून बसले.

प्रसाद त्या दिवशी इथेच होता. मिस्तरींनी त्याला विचारलं, किती दिवस देतो? प्रसादने इंजिनियरचं म्हणणं सांगितलं, त्यांच्या वयाचं सांगितलं, डोळ्याचं सांगितलं. मिस्तरींनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं. शेवटी प्रसाद म्हणाला, महिनाअखेरपर्यंत खांब बदलून दाखवा, इंजिनियरने ठीक म्हटलं तर घर राहील. त्याने हे त्यांची समजूत काढायला म्हटलं होतं. मिस्तरींनी ते करार असल्यासारखं घेतलं.

त्या जाडीचं, त्या उंचीचं सागाचं लाकूड आता मिळत नाही. मिस्तरी आठ दिवस फिरले. डहाणूच्या वखारीत जाऊन सगळ्यांशी भांडून आले. मग कळलं की चिखल्याला एक जुनं घर उतरवताहेत. तिथला खांब टेंपोतून आला. हिरव्या रंगाचे तीन थर चढलेले, पण आत लाकूड लोखंडासारखं. मिस्तरींनी दोन पुतण्यांना बोलावून घेतलं, रंग तासून काढला आणि खांब अंगणात आडवा ठेवला. आता तो उभा करायचा एवढंच राहिलं, असं मला वाटलं. पण मिस्तरी त्याच्याभोवती नुसते फिरायला लागले. एक दिवस गेला, दुसरा गेला. हाताने चाचपायचे, गाठींवरून अंगठा फिरवायचे, डोळा बारीक करून पाहायचे, पुन्हा फिरायचे. महिना संपायला सहा दिवस राहिले होते.

कारण असं. मिस्तरींच्या लोकांत खांब उभा करायचा तो झाड जसं उभं होतं तसाच. बुंधा खाली, शेंडा वर. उलटा उभा केलेला खांब घराला कधी स्वस्थता देत नाही आणि खालून लवकर कुजतो, अशी ठाम समजूत. म्हणून झाड तोडल्या तोडल्या बुंध्याच्या टोकाला खूण करायची. एकदा का लाकूड चौकोनी तासलं की दोन्ही टोकं सारखीच दिसतात. चिखल्याच्या खांबाची दोन्ही टोकं कापलेली होती. खूण असलीच तर ती केव्हाच गेली होती, आणि गाठींचा कलही एका बाजूला नव्हता.

तिसऱ्या सकाळी मिस्तरी म्हणाले, पाणी पाहिजे. मी तांब्या आणला. त्यांनी हात रुंदावून दाखवला, एवढं. शेजारच्या वाडीत शेततळं आहे, तळाला काळं प्लास्टिक घातलेलं. पुतण्यांनी खांब दोरीने ओढत तिथे नेला, शेजाऱ्यांनी प्लास्टिक फाटेल म्हणून आरडाओरडा केला, आणि आजोबांनी त्यांना नवीन प्लास्टिकचं वचन दिलं. बुंध्याकडचं लाकूड जड असतं, त्यामुळे पाण्यात ते टोक जरा खाली बसतं. खांब पाण्यात सोडला. तो हलला, डुलला, शांत झाला. एक टोक पाण्याबाहेर किंचित जास्त होतं. मला दिसलं, आजोबांना दिसलं, पुतण्यांना दिसलं. मिस्तरी मात्र काठावर बसूनच राहिले. पुतण्यांना सांगितलं, फिरवा. त्यांनी खांब फिरवला. पुन्हा तेच टोक वर. पुन्हा फिरवा. असं पाच वेळा झालं. पुतणे खांब बांधायला आणखी दोरी आणायला गेले, आजोबा शेजाऱ्यांची समजूत काढायला गेले, आणि काठावर आम्ही दोघंच राहिलो.

मी जरा थट्टेनेच म्हटलं, की बारा वर्षं तुम्ही एका ठोक्यात निकाल देताय, आज कानांना काय झालं?

"एकदा कानावर भरोसा ठेवला होता," ते म्हणाले. पाण्याकडेच बघत होते. "सात नंबर उलटा हाय, बाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ते विशीत असताना एका वादळात आंबा घरावर पडला आणि मधला खांब चिरला. बाप हिवतापाने अंथरुणाला खिळलेला. शेटला घाई. तेव्हा नवं लग्न झालेला रूपजी एकटाच आला. लाकूड त्यानेच आणलं, त्यानेच तासलं, आणि खूण करायची राहून गेली. दोन टोकांपैकी कुठलं कुठलं ते आठवेना. परत बापाकडे जाऊन विचारायची लाज वाटली. ठोकून पाहिलं, कान लावला, आणि ठरवलं. तुळई बसली, कौलं चढली. तिसऱ्या दिवशी खांबावरून हात फिरवताना गाठी लागल्या. फांद्या फुटल्याच्या जागा. सगळ्यांचा कल खाली.

मी त्यावर काय बोलले ते आजोबा अजूनही मला ऐकवतात, कारण मीच त्यांना सांगितलं. मी म्हणाले, "मग खूण का नाही केलीत?" चाळीस वर्षं वर्गावर काढल्याचा हा परिणाम.

"बापाने पण तेच विचारलं असतं," मिस्तरी म्हणाले. "म्हणून नाय सांगितलं."

"त्यांना कळलं नाही?"

"तापातून उठला तेव्हा आला पाहायला. सगळ्या खांबांना हात लावला. याला लावला तेव्हा जरा थांबला. जाताना एवढंच बोलला, दर साली पावसाच्या आधी इथं येत जा. तेल लाव."

"किती वर्षं?"

"ते नाय सांगितलं."

पुतणे दोरी घेऊन आले. मिस्तरी उठले, गुडघे झाडले, पाण्यात उतरले आणि खाली बसलेल्या टोकावर स्वतःच्या हाताने पटाशीची खोल फुली मारली. खांब घरी आणताना ते त्या फुलीच्या बाजूनेच चालत होते.

खांब बदलायच्या दिवशी प्रसाद आणि इंजिनियर सकाळीच आले. तुळईखाली दोन्ही बाजूंना जाड लाकडाचे टेकू लावलेले होते आणि प्रत्येक टेकूखाली गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. इंजिनियरने गोणपाट उचलून पाहिलं. आत ट्रकचे जॅक. आयुष्यभर लोखंडाला नावं ठेवणाऱ्या माणसाने हायवेवरच्या गॅरेजातून ते मागून आणले होते. इंजिनियर हसला तेव्हा मिस्तरींनी गोणपाट पुन्हा नीट पांघरलं आणि म्हणाले, झाकून ठेव, घराला दिसेल.

नारळ फुटला. उथळ्यावर चार तांदूळ आणि ताडीचे दोन थेंब पडले. मी ताडीकडे दुर्लक्ष केलं. मापासाठी माझा टेप, इंजिनियरचं लाल दिव्याचं यंत्र आणि मिस्तरींचा हात अशी तीन मापं घेतली गेली, तिन्ही वेगवेगळी निघाली. घर इतकी वर्षं दबत गेलेलं, तुळई एका बाजूला कललेली, कुठलंच माप खरं नव्हतं. मिस्तरींनी मग एक बांबू आणला, तुळई आणि दगड यांच्यामध्ये उभा धरला आणि बसेपर्यंत थोडा थोडा कापत गेले. तो बांबू खांबावर ठेवून खांब कापला.

पुतण्यांनी जॅक फिरवले. तुळई दोन बोटं वर उचलली गेली आणि अख्खं घर असं कण्हलं की मी आजोबांचा दंड धरला. वरून शंभर वर्षांची धूळ आली. जुना खांब सुटला. त्याला आडवा करून बाहेर नेईपर्यंत माजघराच्या मध्यात काहीच नव्हतं, नुसता दगड, आणि वर ती एवढी मोठी तुळई. मिस्तरी त्या रिकाम्या जागेत उभे राहिले. प्रसाद ओरडला, बाजूला व्हा. ते हलले नाहीत. नवा खांब आला, फुलीचं टोक खाली, वरची जीभ तुळईच्या खाचेखाली. मिस्तरींनी तो दोन्ही हातांनी सरळ धरला आणि मान हलवली. जॅक उतरू लागले. तुळई खाली आली, जीभ खाचेत गेली, आणि घर पुन्हा एकदा कण्हलं, पण या वेळी थोडक्यात. छपरावरून एक कौल घसरलं आणि दारात उभ्या असलेल्या इंजिनियरच्या पायाशी फुटलं.

"तुला राम राम केला घराने," मिस्तरी म्हणाले.

इंजिनियरने यंत्र लावलं, पाणसळ लावली, दार उघडझाप करून पाहिलं. अर्ध्या इंचाचा फरक आहे पण चालेल, म्हणाला, आणि प्रसादकडे पाहून मान हलवली. प्रसाद माझ्याकडे पाहायचं टाळत बाहेर गेला आणि घर उतरवणाऱ्यांना फोन करून नको म्हणाला.

यानंतर जे झालं ते मला लिहायला फारसं आवडत नाही, पण लिहिते. इंजिनियर अंगणात जुन्या खांबाचं बूड पाहत होता. त्याने एका बाजूचा काळा गोल डाग दाखवला आणि विचारलं, इथे पाण्याचा माठ ठेवत होता का? ठेवत होतो. आल्या दिवसापासून, सात नंबरला टेकून, कारण तिथे गार राहतं. मीच जागा ठरवली होती. ओल तिथून शिरली आणि ओलीमागे वाळवी, असं त्याचं म्हणणं. म्हणजे बुंधा खाली असता की वर, काही फरक पडला नसता.

मला राहवेना. मी मिस्तरींना सगळं सांगितलं. साठ वर्षांत खांबाला जे काही झालं त्यातला मोठा वाटा माझ्या माठाचा आहे, तुमचा नाही. त्यांनी ऐकलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला हवी होती तशी सुटका दिसली नाही. उलट मी त्यांची काही वस्तू उचलून नेत असल्यासारखे ते माझ्याकडे पाहू लागले.

"माठाचं काय घेऊन बसली, बाय," ते म्हणाले. "उलटा होता म्हणून गेला."

मी वाद घातला नाही. माठ मात्र त्याच संध्याकाळी पडवीत हलवला.

पुढच्या वर्षी मे आला. मी वही काढून ठेवली, तेलाचा डबा भरून ठेवला, त्यांना आवडतो तसा गुळाचा चहा करायला गूळ आणला. मे अर्धा संपला तरी मिस्तरी आले नाहीत. चहावाल्यापाशी निरोप ठेवला, उत्तर नाही. आजोबा म्हणाले, वय झालं होतं गं. मला ते ऐकवेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही रिक्षा करून तलासरीच्या पलीकडे निघालो. पाड्यावर पोचलो, घर विचारलं. लोकांनी एका सिमेंटच्या चौकोनी घराकडे बोट दाखवलं. सरकारी घरकुल, वर स्लॅब, खिडकीला लोखंडी गज. पुढे मोहाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर रूपजी मिस्तरी बसलेले, धडधाकट, मोतीबिंदू काढलेला, काळा चष्मा लावलेला.

मी इतकी घाबरले होते की पोचताच त्यांना रागावले. का आला नाहीत, निदान निरोप तरी द्यायचा, आम्ही काय काय समजलो. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता कशाला येऊ? घर नीट हाय."

आजोबांनी विचारलं, तेलाचं काय? आम्ही लावलं तर चालेल? मिस्तरी म्हणाले, लाव की. नाय लावलं तरी एक साल काय होत नाय. बारा वर्षं हाच माणूस आम्हाला सांगत होता की एक पावसाळा तेलाशिवाय गेला तर तुळई आमच्या ताटात येईल. मी आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी आकाशाकडे.

आम्ही स्लॅबचं घर पाहिलं. मी टोमणा मारलाच, की तुम्ही आणि सिमेंट? त्यांनी मला आत नेलं आणि पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरला. स्लॅबला बरा लटकतो, म्हणाले. सुनेने कोरा चहा दिला. मिस्तरींनी घरातल्या सगळ्यांची चौकशी केली, खांबांपैकी एकाचीही नाही. निघताना मी विचारलं, सात नंबरला आता नाव काय ठेवायचं? माझा रकाना रिकामा आहे. म्हणाले, तुझं घर हाय, तू ठेव. मी अजून ठरवते आहे.

त्याच वर्षी गणपतीच्या आसपास चहावाल्याकडून उलटा निरोप आला, मिस्तरी गेल्याचा. झोपेत गेले म्हणाले. पुतणे येऊन सांगून गेले आणि ओटीवर जरा वेळ बसले. आजोबांनी त्यांना चिकूची पेटी दिली. आता तेल आम्ही लावतो. आजोबा लावतात आणि मी तारीख लिहिते.

पण तुम्हाला सांगायचं आहे ते त्या मे महिन्यातलं. त्यांच्या घरून निघालो तेव्हा रिक्षा पाड्याच्या वळणापर्यंत खडबडीत रस्त्याने हळू चालली होती. मी मागे वळून हात हलवत होते. मिस्तरींनी पाहिलं नाही. त्यांनी खुर्ची झाडाच्या बुंध्याकडे ओढून घेतली होती, चष्मा छातीवर ठेवला होता, आणि पाय लांब सोडून, तोंड किंचित उघडं टाकून, ते भर सकाळी गाढ झोपले होते.